बेल्ट बसमध्ये येतो तो बस विकत घेताना

या वेळी टपालात एकाच विषयावरची पत्रं सगळ्यात जास्त आली : अमेरिकेतली पिवळी स्कूल बस आणि तिच्यातले सीट बेल्ट. काही राज्यांत ते आहेत, बऱ्याच राज्यांत नाहीत, आणि आपल्या पालकांना ही गोष्ट कळते ती मूल पहिल्यांदा बसमध्ये चढतं त्या सकाळी. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

उत्तर देणारी व्यक्ती या विषयात तटस्थ नाही, हे आधीच सांगते. मी इथल्या एका शाळा-डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, बस मॉनिटर होते. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या छोट्या बसमध्ये त्यांना चढवायचं, बेल्ट लावायचे, वाटेत बघायचं, उतरवायचं, हे माझं काम. माझ्या त्या छोट्या बसमध्ये प्रत्येक मुलाला बेल्ट होता आणि शेजारच्या लेनमध्ये उभ्या असलेल्या मोठ्या बसमध्ये एकालाही नव्हता. पुढे इतर पालकांबरोबर मी स्कूल बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, मीटिंगांनाही जाऊ लागले. मोठ्या बसमध्ये बेल्ट हवेत, आणि ते खांद्यावरून येणारे थ्री-पॉइंट बेल्ट हवेत, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा दुसरीत आहे. गाडीत त्याला उंचवटा देणाऱ्या बूस्टर सीटवर बसवून बेल्ट लावल्याशिवाय मी किल्लीला हात लावत नाही. सकाळी मात्र त्याच मुलाला बेल्ट नसलेल्या बसमध्ये पाठवतो. 2023 मध्ये आमच्या राज्यात स्प्रिंगफील्डजवळ स्कूल बसचा अपघात झाला, तेव्हापासून बायको म्हणते की आपणच त्याला गाडीने सोडू. शाळेत विचारलं तर म्हणाले, 'बस हे सगळ्यात सुरक्षित वाहन आहे.' हे खरं आहे की पैसे वाचवण्यासाठी सांगतात?
— एक बाबा, ओहायो

उत्तर : खरं आहे, त्यामुळे मुलाला बसमधून काढू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचं, म्हणजे एनएचटीएसएचं म्हणणं असं की गाडीने जाणाऱ्या मुलापेक्षा स्कूल बसने जाणारं मूल शाळेत सुखरूप पोहोचण्याची शक्यता सुमारे 70 पट जास्त असते. बस आकाराने मोठी, वजनाने जड, रंगाने दुरून दिसणारी, आणि ती थांबली की बाकीच्यांनी थांबायचं असा कायदा. तुमची पत्नी कितीही जपून चालवत असली तरी समोरच्या गाडीचा भरवसा कोण देणार?

बेल्ट नसण्यामागे एक विचार होता, तो समजून घ्या, कारण बोर्डात तुम्हाला तोच ऐकवला जाईल. 1974 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, स्कूल बसच्या सुरक्षिततेसाठी कायदा केला. त्यातून आलेले नियम 1 एप्रिल 1977 पासून लागू झाले. मोठ्या बसमधल्या सीटच्या पाठी उंच हव्यात, दोन्ही बाजूंनी गादी हवी, रांगा एकमेकींच्या जवळ हव्यात आणि धक्का बसला की पाठीने थोडं वाकून तो जोर आपल्यात जिरवायला हवा. याला कंपार्टमेंटलायझेशन म्हणतात. बसचे जुने ड्रायव्हर याला अंड्यांचा ट्रे म्हणतात. समोरून धडक झाली तर मूल पुढच्या सीटच्या मऊ पाठीवर आपटतं आणि तिथेच अडतं. 2008 च्या नियमाने सीटच्या पाठीची किमान उंची 20 इंचांवरून 24 इंच केली. दहा हजार पौंड वजनापर्यंतच्या छोट्या बसला मात्र बेल्ट सक्तीचे आहेत, कारण तिला धक्का गाडीसारखाच जोरात बसतो. माझ्या बसमध्ये बेल्ट होते ते यामुळे.

आता या विचारातली उणीव. बाजूने ट्रक आदळला किंवा बस कलंडली, तर पुढची सीट मुलाला धरून ठेवू शकत नाही. मूल बाकावरून वर उचललं जातं, छतावर, खिडकीवर, दुसऱ्या मुलावर आपटतं. अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, एनटीएसबीने, 1999 मध्येच लिहून ठेवलं आहे की बाजूची धडक आणि उलटणं या दोन प्रकारांत कंपार्टमेंटलायझेशन अपुरं पडतं. तुम्ही लिहिलेल्या अपघातात नेमकं हेच घडलं. शाळेचा पहिलाच दिवस होता. समोरून येणारी मिनीव्हॅन मधली रेघ ओलांडून आली, बस रस्त्याखाली जाऊन उलटली. अकरा वर्षांचा एक मुलगा बसबाहेर फेकला जाऊन गेला आणि वीसहून अधिक मुलं जखमी झाली.

पैशाचं म्हणाल, तर तो मुद्दा आहेच, पण त्यात निव्वळ कंजूषपणा नाही. बेल्ट सगळीकडे सक्तीचे करा अशी मागणी एनएचटीएसएने 2011 मध्ये नाकारली. त्यांचा हिशेब असा होता की सगळ्या मुलांनी बेल्ट लावले तरी वर्षाला साधारण दोन जीव वाचतील, आणि खर्चापायी डिस्ट्रिक्टने बस कमी केल्या तर मुलं गाड्यांनी जाऊ लागतील, तिथे धोका जास्त. हा हिशेब मी झटकून टाकत नाही. पण नोव्हेंबर 2015 मध्ये त्याच संस्थेचे प्रमुख मार्क रोझकाइंड यांनी जाहीर केलं की प्रत्येक स्कूल बसमधल्या प्रत्येक मुलाला थ्री-पॉइंट बेल्ट असायला हवा. पुढच्याच वर्षी टेनेसीतल्या चॅटनूगात भरधाव बस रस्ता सोडून झाडावर गेली आणि सहा लहान मुलं दगावली. त्यानंतर 2018 मध्ये एनटीएसबीने राज्यांना सांगितलं की नव्या मोठ्या बसमध्ये असे बेल्ट सक्तीचे करा. म्हणजे 'तज्ज्ञ बेल्टच्या विरोधात आहेत' असं आता कोणी सांगितलं तर ते जुनं झालं.

तुमच्या राज्यात गव्हर्नरांनी अपघातानंतर नेमलेल्या गटाने जानेवारी 2024 मध्ये 17 शिफारशी दिल्या. बेल्टची सक्ती त्यांत नाही, तो निर्णय डिस्ट्रिक्टवर सोडला आहे. त्यामुळे तुम्हाला राजधानीकडे बघत बसायची गरज नाही, आपल्याच बोर्डाला विचारा. कसं विचारायचं ते खाली टेक्ससच्या पालकांना लिहिलं आहे.

प्रश्न : आमच्या ट्रान्सपोर्टेशन ऑफिसमधले गृहस्थ म्हणाले, 'बस पेटली किंवा पाण्यात गेली तर साठ मुलांचे बेल्ट कोण सोडवणार?' मी घरी आले, पण रात्रभर तेच डोक्यात. मी चुकीच्या गोष्टीमागे लागले आहे का?
— एक आई, इंडियाना

उत्तर : नाही हो. हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो आणि तो विचारणारा माणूसही मुलांच्याच काळजीने विचारत असतो, त्यामुळे त्यांना नीट उत्तर द्या.

आगीच्या बाबतीत सगळे ज्या अपघाताकडे बोट दाखवतात तो तुमच्या शेजारच्या केंटकीतला, कॅरोल्टनचा. मे 1988. दारू प्यायलेला माणूस उलट्या दिशेने पिकअप घेऊन आला आणि चर्चच्या मुलांना सहलीवरून परत आणणाऱ्या बसवर आदळला. ती पूर्वीची स्कूल बस होती, 1977 चे नियम लागू व्हायच्या काही दिवस आधी बांधलेली. इंधनाची टाकी फुटली, पुढचं दार अडकलं, सगळे मागच्या दाराकडे धावले आणि मधल्या अरुंद वाटेत चेंगरले. 27 जण गेले, बहुतेक धुराने आणि आगीने. त्या बसमध्ये मुलांना बेल्ट नव्हते. त्यांचे जीव घेतले ते उघड्या टाकीने आणि अपुऱ्या दारांनी. केंटकीने नंतर टाकीभोवती संरक्षक पिंजरा आणि जादा आपत्कालीन वाटा सक्तीच्या केल्या, ते याच कारणाने. तेव्हा त्या गृहस्थांना विचारा : आपल्या बसला किती आपत्कालीन दारं आहेत, छतावरच्या झडपा उघडतात का, मुलांकडून बस रिकामी करण्याचा सराव वर्षातून कितीदा घेता?

आणि एक साधी गोष्ट. बेशुद्ध पडलेलं किंवा पाय मोडलेलं मूल स्वतः उठून बाहेर पडू शकत नाही. बस उलटल्यावर जे मूल जागेवर राहिलं, डोकं शाबूत राहिलं, त्याचाच हात बटणापर्यंत जातो.

आता बटणाचं. बसमधल्या बेल्टचं लाल बटण एकदाच दाबायचं असतं. माझ्या बसमधली पाच वर्षांची मुलं ते दाबायला लगेच शिकली. खरं सांगायचं तर लावण्यापेक्षा सोडणं त्यांना लवकर जमतं, आणि मॉनिटरची खरी तारांबळ उडते ती मुलांनी मध्येच सोडू नये म्हणून. शिकवायचं असतं ते वेगळंच. बस कुशीवर पडली तर वरच्या बाजूची मुलं बेल्टमध्ये लटकतात. तेव्हा घाईने बटण दाबलं तर मूल खालच्या मुलावर पडतं. म्हणून आधी एका हाताने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरायची, पाय कुठेतरी टेकवायचे, मग दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. सराव घेताना हेसुद्धा करून घ्या असं तुम्ही ऑफिसला सुचवू शकता. ड्रायव्हरच्या हाताशी बेल्ट कापायची आकडी असते, तिची धार आणि जागा ठरावीक काळाने तपासली जाते का, हेही विचारा. एवढं तपशिलात विचारलंत की समोरच्याला कळतं की या बाईंनी अभ्यास केला आहे.

प्रश्न : आमच्याकडे बेल्ट आहेत, पण मुलगी म्हणते कोणीच लावत नाही. मोठी मुलं त्यावर बसतात. शिवाय तिच्या बसमध्ये फक्त कमरेचा पट्टा आहे, तर मैत्रिणीच्या बसमध्ये खांद्याचासुद्धा. असं का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या राज्याने 1992 मध्येच बसमध्ये बेल्ट बसवणं आणि ते लावणं, दोन्ही सक्तीचं केलं. त्या काळात तो कमरेचाच पट्टा होता. मे 2018 मध्ये माउंट ऑलिव्हजवळ हायवेवर सहलीच्या बसला अपघात झाला, एक विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका गेल्या, आणि त्याच वर्षी नव्या बसना थ्री-पॉइंट बेल्टचा कायदा झाला. जुन्या बस मात्र निवृत्त होईपर्यंत आहेत त्याच बेल्टनिशी धावतात. मैत्रिणीची बस नवी असणार, एवढंच. न्यू यॉर्कमध्येही 1987 पासून कमरेचे पट्टे बसवले जातात, पण लावायची सक्ती करायची की नाही हे तिथे डिस्ट्रिक्ट ठरवतो.

कमरेचा पट्टा मला पुरेसा वाटत नाही. बस एकदम थांबली की कंबर जागेवर राहते आणि वरचं शरीर कमरेतून दुमडतं. डोकं जोरात पुढे येतं, पट्टा पोटात रुततो. खांद्याचा पट्टा तो जोर छाती, खांदा आणि कमरेवर वाटून घेतो. तरीही मुलीच्या बसमध्ये आज जो पट्टा आहे तो तिने लावायचाच, कारण बस उलटली तर बाकावर धरून ठेवायला तोच आहे. तो पोटावर नको, खाली, मांड्यांच्या वरच्या टोकाला, हाडावर आणि घट्ट हवा.

हे लावणं वाटतं तितकं सरळ नसतं, ते मी रोज बघायचे. मूल पाठीवरची सॅक न काढता तसंच बाकावर टेकतं, पाठ सीटला लागतच नाही, आणि बेल्ट पुढे अधांतरी राहतो. थंडीत फुगीर जॅकेटवरून बेल्ट लावला की वरून घट्ट दिसतो, आत चार बोटं सैल असतो. मग शेजारच्याचं बक्कल आपल्यात अडकवलं जातं. म्हणून काही बसमध्ये प्रत्येक जागेचं बक्कल वेगळ्या रंगाचं असतं, तेवढ्यानेही भांडणं कमी होतात. सॅक आधी काढून मांडीवर किंवा पायाशी, जॅकेटची चेन उघडी, पाठ मागे टेकलेली, मग बेल्ट. हा क्रम घरी गाडीत घालून द्या. बसमध्ये तो आपोआप येतो.

'कोणीच लावत नाही' यावर इलाज शाळेकडे आहे. अलाबामाने थ्री-पॉइंट बेल्ट बसवलेल्या काही बसमध्ये अभ्यास केला तेव्हा सरासरी 61 टक्क्यांच्या आसपास मुलांनी बेल्ट लावलेले आढळले. याचा अर्थ नुसते बेल्ट बसवून भागत नाही. ड्रायव्हर आरशात सीटच्या उंच पाठी बघतो, बेल्ट त्याला दिसत नाहीत. त्यामुळे सगळा भार त्याच्यावर टाकू नका. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांनी स्वतः बसमध्ये चढून सांगावं, सगळे बेल्ट लागेपर्यंत बस हलणार नाही असा नियम असावा, मधूनमधून कॅमेऱ्याचं चित्रण बघावं, आणि वारंवार न लावणाऱ्याच्या घरी फोन जावा. हे झालं की ड्रायव्हर सगळ्यात खूश होतात. मुलं उठत नाहीत, मागे वळून मारामारी होत नाही, त्यांचं लक्ष रस्त्यावर राहतं. तुमच्या मुलीलाही सांगा की तिने कोणाला टोकायचं नाही, आपला लावायचा. शेजारी बसणारी एक तरी मैत्रीण बघून लावते.

प्रश्न : आम्ही टेक्ससमधले काही पालक मिळून बोर्डाच्या मीटिंगला गेलो. तीन-तीन मिनिटं बोललो. अध्यक्षांनी आभार मानले, आणि पुढे काहीच नाही. नंतर कळवलं की पैसे नाहीत. पुढे काय करायचं?
— पालकांचा एक गट, टेक्सस

उत्तर : तुम्ही ज्या राज्यात आहात तिथे हा लढा पालकांनीच उभा केलेला आहे. मार्च 2006 मध्ये बोमाँटहून सॉकरच्या सामन्याला निघालेल्या शाळकरी मुलींची बस उलटली, दोघी गेल्या. त्यांचे आईवडील आणि त्या संघातल्या इतर मुलींचे पालक राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला जाऊन उभे राहिले आणि 2007 मध्ये बेल्टचा कायदा झाला. पण त्याला निधीची अट घातली होती, आणि निधी अपुरा पडला. 2017 मध्ये दुसरा कायदा आला : 2018 आणि त्यापुढच्या मॉडेलच्या बसना थ्री-पॉइंट बेल्ट हवेत. त्यातही वाट ठेवली होती की बजेट परवडत नाही असं बोर्डाने जाहीर मीटिंगमध्ये मत देऊन ठरवलं, तर सूट. मार्च 2024 मध्ये बास्ट्रॉप काउंटीत छोट्या मुलांच्या बसवर काँक्रीटचा ट्रक आदळला, एक लहान मूल गेलं. ती 2011 ची बस होती, बेल्ट नव्हते. 2025 मध्ये विधिमंडळाने जुन्या बसही कायद्याच्या कक्षेत आणल्या आणि बेल्ट नसलेल्या बस किती, त्यांना किती खर्च येईल, हे डिस्ट्रिक्टना मोजून मांडायला लावलं.

त्यामुळे पहिलं काम : तो हिशेब मागा. कोणती बस कोणत्या वर्षाची, तिच्यात कोणता बेल्ट, ती कधी बदलणार, आणि यापूर्वी बोर्डाने सूट घेतली असेल तर त्या ठरावाची तारीख. हे सार्वजनिक कागद आहेत, लेखी अर्ज केला की द्यावे लागतात. सगळी यादी एका पानावर मांडा. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये पालकांच्या भाषणांनी जे झालं नाही ते अशा एका पानाने झालं. बोर्डातल्या निम्म्या लोकांना आपल्याकडे किती बस बेल्टविना आहेत हेच माहीत नव्हतं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : नव्या बसची ऑर्डर कधी जाते ते शोधा. डिस्ट्रिक्ट बस मागवताना एक स्पेसिफिकेशन लिहितो. इंजिन, आसनं, हीटर, कॅमेरे, सगळं त्यात असतं. बेल्ट त्यात लिहिला तर कारखान्यातून बस बेल्टसकट येते. लिहायचा राहिला तर ती बस पुढची बारा-पंधरा वर्षं बेल्टविना धावते, आणि नंतर बसवणं महाग आणि किचकट होतं, कारण जुन्या सीटला नुसता पट्टा शिवता येत नाही. तो जोर पेलेल अशी सीटची चौकट आणि जमिनीतली पकड दोन्ही लागतात. बहुतेक पालक बजेट मंजूर व्हायच्या रात्री बोलायला जातात. तोपर्यंत स्पेसिफिकेशन लिहून झालेलं असतं. तुम्ही त्याच्या काही महिने आधी ट्रान्सपोर्टेशन डायरेक्टरांच्या खोलीत बसलेले असायला हवं, हातात ते पान घेऊन.

पैशाचं उत्तर आकड्याने द्या. मोठ्या नव्या बसमध्ये थ्री-पॉइंट बेल्टसाठी साधारण 7,000 ते 10,000 डॉलर जादा लागतात असं सांगितलं जातं. बसची किंमतच एक लाख डॉलरच्या वर. वरचा आकडा धरा, बस पंधरा वर्षं चालते असं धरा, तर वर्षाला सातशे डॉलरच्या आत. त्या बसमध्ये पन्नास मुलं बसत असतील तर प्रत्येक मुलामागे वर्षाला साधारण तेरा-चौदा डॉलर. हा हिशेब बोर्डासमोर फळ्यावर मांडा. खोलीत पालक असतात, करदाते असतात, प्रत्येकाला तो कळतो.

मग म्हणतील, 'बेल्ट लावले की तीनऐवजी दोनच मुलं बसतात, जास्त बस लागतील.' जुन्या सीटच्या बाबतीत हे खरं होतं. आता 39 इंचांच्या एकाच बाकावर तीन लहान किंवा दोन मोठी मुलं बसतील अशी बक्कलं सरकवता येणारी सीट मिळते. त्यांना विचारा की आपण मागवत असलेली सीट ही आहे का.

ड्रायव्हरांना विरोधक समजू नका. त्यांना आधी भेटा, चहा-कॉफीला बोलवा, त्यांची भीती ऐका. एका अनुभवी ड्रायव्हरने बोर्डासमोर उभं राहून 'मला हे हवेत' म्हटलं, तर आपल्या दहा भाषणांइतकं काम होतं. बोलताना अपघाताचे फोटो दाखवू नका. पोटच्या पोराची भीती घालून मत मिळवलं तर ते पुढच्या मीटिंगपर्यंत टिकत नाही, आणि ज्यांच्या घरात असं घडलं आहे ते लोकही त्या खोलीत बसलेले असू शकतात.

आणि सगळ्या बस एकदम मागू नका. 'यापुढची प्रत्येक नवी बस बेल्टसकट' हा एका ओळीचा ठराव मागा. कॅलिफोर्नियाने असंच केलं. 2005 पासून नव्या मोठ्या बसना थ्री-पॉइंट बेल्ट सक्तीचे केले, आणि उरलेल्या जुन्या बससाठी जुलै 2035 ची मुदत घातली. बस जशा बदलतील तसे बेल्ट येतात. तुमच्या राज्यातल्या मुलांना इतकं थांबावं लागू नये म्हणूनच त्या यादीच्या मागे लागा, आणि सगळ्यात जुन्या, हायवेवरून जाणाऱ्या, सहलींना वापरल्या जाणाऱ्या बस आधी बदलून घ्या.

प्रश्न : बेल्ट आले की आम्ही निश्चिंत व्हायचं का?
— एक आजोबा, नातवंडांकडे मुक्कामी

उत्तर : आजोबा, बसच्या आतल्यापेक्षा बसच्या बाहेर, चढता-उतरताना जास्त मुलं जातात, आणि तिथे बेल्टचा उपयोग नाही. तुम्ही स्टॉपवर नातवंडांबरोबर उभे राहता तेच मोठं काम आहे. बसच्या चारही बाजूंना दहा फूट जागा ही धोक्याची, कारण ड्रायव्हरला तिथलं लहान मूल दिसत नाही. काही पडलं तर वाकून उचलायचं नाही, आधी ड्रायव्हरला हाक मारायची. रस्ता ओलांडायचा तर बसच्या पुढून, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघून, त्याने हात केल्यावर. आणि बसच्या बाजूने बाहेर येणारी लाल 'स्टॉप' पाटी उघडी असताना कोणी गाडी पुढे दामटली तर नंबर टिपून शाळेला कळवा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची. प्री-के, म्हणजे बालवर्ग सुरू होतोय, बस मोठ्या मुलांचीच. गाडीतली सीट तिच्याबरोबर पाठवू का?
— एक आई, आयोवा

उत्तर : परस्पर पाठवू नका. गाडीची सीट बसच्या बाकावर बसतेच असं नाही, ती बांधायला खाली योग्य बेल्ट लागतो. पण तुमची शंका अगदी रास्त आहे. कंपार्टमेंटलायझेशनचा विचार शाळकरी वयाच्या मुलांसाठी होता, इतक्या लहान, हलक्या मुलांसाठी नव्हता. म्हणूनच एनएचटीएसएने 1999 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की प्री-स्कूलच्या मुलांना स्कूल बसमध्ये वयाला आणि वजनाला योग्य अशा चाइल्ड सीटमध्ये किंवा तशाच हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाभोवती बांधायच्या पट्ट्यांत बसवावं.

शाळेकडे यासाठी दोन सोयी असू शकतात. एक, बाकाच्या पाठीतच दुमडून ठेवलेली लहान मुलांची सीट, जी खाली ओढली की पाच ठिकाणी बांधणारे पट्टे निघतात. दुसरी, फक्त स्कूल बससाठीच बनवलेला हार्नेस, जो बाकाच्या पाठीला पट्ट्याने गुंडाळून बांधतात. मी हेच हार्नेस वापरायचे. त्यासाठी मागच्या बाकावर कोणी बसलेलं असेल तर तेही बांधलेलं असायला हवं, नाहीतर अपघातात मागचं मूल पुढच्या पाठीवर आपटतं आणि तो सगळा जोर हार्नेसमधल्या लहानग्यावर येतो. म्हणून लहान मुलांना पुढच्या रांगांत, ड्रायव्हरच्या जवळ बसवतात आणि मागचा बाक शक्यतो रिकामा ठेवतात.

तुमच्या राज्यात 2019 पासून नव्या बसना थ्री-पॉइंट बेल्ट लागतात, पण मुलीच्या वाट्याला कोणत्या वर्षाची बस येईल हे त्यावरून कळत नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला ईमेल करा. मुलीचं वजन आणि उंची लिहा. तिची बस कोणत्या वर्षाची, तिला कोणती सीट किंवा हार्नेस मिळेल, तो लावणारी व्यक्ती कोण आणि तिचं प्रशिक्षण झालं आहे का, मागच्या बाकावर कोण बसेल, एवढं विचारा. उत्तर लेखी मागा. आणि पहिल्या आठवड्याआधी एकदा रिकाम्या बसमध्ये तिला बसवून बघायची परवानगी मागा. बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात.